शेजारचं वर्तुळ

तीन दिवस झाले, सून सासूबाईंच्या नजरेला नजर देत नव्हती. सासूबाईंच्या पायाच्या बोटावरची जखम दोन महिने चिघळलेली, कुठलंच औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणत होते बोट कापा, आणि सासूबाई म्हणत होत्या आधी माझा पाला तपासा. आयुष्यभर त्यांनी तोच झाडपाला वाटून अख्ख्या गल्लीच्या जखमांवर लावला होता. सून प्रयोगशाळेत कामाला. तिने जखमेतला पू नेला, बशीत जंतू वाढवले आणि त्यांच्यावर पाल्याचा अर्क सोडला.

"तोंडाला कुलूप लावलंयस का गं? दाखव काय झालं ते."

सुनेने मोबाइल पुढे केला. फोटोत अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. तेवढ्या जागेतले सगळे जंतू मेले होते.

"बघ! मी काय सांगत होते!"

"आई, शेजारचा थेंबही बघा ना. तो नुसत्या स्पिरिटचा आहे. अर्क त्यातच काढला होता. त्याच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ आलंय. बशीतले जंतू स्पिरिटने मेले, पाल्याने नाही. मी तीनदा करून बघितलं."

सासूबाई खाटेवरून उठल्या, परत बसल्या. मग म्हणाल्या, "पहिलाच थेंब दाखवून गप्प बसली असतीस, तर मी तुला डोक्यावर घेऊन नाचले असते आणि पाय घालवून बसले असते. लाव डॉक्टरला फोन. एक बोट गेलं तर नऊ उरतात. माझं चुकलं हे तोंडावर सांगणारी या घरात तू एकटीच आहेस."