मानेचा होकार

अप्पांनी मान हलवली आणि खोलीत एकच कल्ला उठला.

"ठरलं तर मग! उद्या युनियनच्या निवडणुकीचा अर्ज भरायचा," वेल्डर खुर्चीवरून उठलाच. "मालकाच्या मेहुण्याला आता घाम फुटणार बघा."

"त्याला कसला घाम फुटतोय! घर गार, गाडी गार, डोकं तेवढं गरम," क्रेनवाली म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यांच्या जरा नंतर अप्पाही हसले.

अप्पांची लेक चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. तिला हसू आलं नाही. मेहुणा निवडून आला तर कारखान्यातल्या प्रेसखात्यात पत्रा कापणाऱ्या यंत्रांना भांडून बसवून घेतलेल्या, हात वाचवणाऱ्या जाळ्या पुन्हा निघणार, हे तिलाही कळत होतं. वेल्डरने कप डाव्या हाताने उचलला. त्याच्या उजव्या हाताला अंगठाच काय तो उरला होता.

पण आईचं काय?

गेल्या खेपेला अप्पा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा खिडकीतून दगड आला. तो आईच्या कपाळाला लागला. तेव्हापासून रस्त्यावर जरा खुट्ट झालं तरी आई भिंतीला चिकटायची. अप्पा मात्र ढिम्म. अख्खी वस्ती म्हणायची, काय छाती आहे या माणसाची!

आई गेली त्या दिवशी तिने त्यांची मान खाली ओढली, कानाशी तोंड नेलं. लेक उशाशीच होती.

"अहो, पुन्हा उभे राहू नका. एवढा शब्द द्या."

अप्पांनी मान हलवली. मगच आईने डोळे मिटले. अजून तिच्या साड्या कपाटात तशाच होत्या.

निघताना क्रेनवालीने अप्पांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखं ऐकून घेणारं माणूस नाही हो दुसरं. बाकीचे पुढारी नुसती जीभ चालवतात. तुम्ही कसे, बोलणाऱ्याच्या तोंडावरची नजर हलवत नाही."

अप्पांनी मान हलवली.

दार लागलं. लेक कप गोळा करून आत गेली आणि विसळायला लागली. अप्पा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. खिडकीशी जात, परत फिरत, पुन्हा खिडकीशी.

"आईला शब्द दिला होतात तुम्ही," ती पाठमोरीच म्हणाली.

अप्पांच्या येरझाऱ्या चालूच होत्या.

"वर्ष तरी उलटू द्यायचंत."

तिच्या हातून कप निसटला, फरशीवर फुटला. अप्पांनी वळूनही पाहिलं नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या हातांनीच ती बाहेर आली आणि त्यांची वाट अडवून उभी राहिली.

"भिंतीशी बोलतेय का मी? आईला दिलेल्या शब्दाचं काय केलंत?"

"शब्द?" अप्पा थबकले. "कसला शब्द?"

"नाटकं पुरे झाली, अप्पा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग जाऊन दार नीट लागलंय का ते पाहून आले. तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं, उजेडाकडे तोंड करून. त्यांना वाटत होतं, आपण हळू बोलतोय. आवाज रस्त्यापर्यंत जात होता.

"कुणाला सांगू नकोस. प्रेसखात्याने माझे कान खाल्ले. आधीपासूनच कमी ऐकू येत होतं, तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा उरलंसुरलंही गेलं. तिला घोर नको म्हणून बोललो नाही. माणूस समोर असलं की ओठांवरून ओळखतो, नाही कळलं की मान हलवतो. यंत्रांच्या आवाजात आम्ही सगळे तेच करायचो."

लेक हलली नाही.

"त्या दिवशी तिने कानाशी तोंड नेलं. मला तिचे ओठच दिसले नाहीत गं." अप्पा पुढे वाकले. त्यांची नजर लेकीच्या ओठांवर खिळली होती. "काय म्हणाली होती ती?"