चार सेकंद

स्कॅन करताना रेश्माच्या हातून वहीचं पान उभं फाटलं. वेधशाळेच्या दप्तरखान्यातली तिची नोकरी कंत्राटी. साहेबांना कळलं तर उद्यापासून घरीच.

"कसर लागली होती, असं लिहून टाक," शेजारच्या कांबळेबाई कुजबुजल्या. "कोण बघतंय?"

रेश्माने दोन्ही तुकडे जुळवले, तशी लाल शाईतली ओळ दिसली. वही सव्वाशे वर्षांपूर्वीची. तेव्हा रोज दुपारी एकच्या ठोक्याला मनोऱ्यावरून मोठा गोळा खाली सोडत आणि बंदरातली जहाजं त्यावरून घड्याळं लावत. गोळा सोडणाऱ्याने लिहिलं होतं, "आज चार सेकंद उशीर. दोरी ठीक होती. चूक माझी."

चार सेकंद! कुणाच्या लक्षात आलं असतं?

रेश्माने कांबळेबाईंकडून लाल पेन मागून घेतलं आणि आजच्या नोंदीत लिहिलं, "पान फाटलं. कागद ठीक होता. चूक माझी."