एकाच हाताचं अक्षर

"पत्राचं पाकीट घरीच राहिलं," असं म्हणत आजोबांनी दोन पत्रं टेबलावर ठेवली. एक घड्यांवर विरलेलं, पिवळं पडलेलं. दुसरं कोरं करकरीत. "दोन्ही एकाच हातची आहेत का, तेवढं बघून सांगा."

अक्षरतज्ज्ञ बाईंची जेवणाची सुट्टी चालू होती आणि डबा अजून अर्धा बाकी होता. एरवी तिनं त्यांना गोड बोलून परत पाठवलं असतं, कारण प्रयोगशाळेत तिच्याकडे येणारे कागद पोलीस नाहीतर कोर्ट पाठवायचं. पण आजोबांच्या हातात समोरच्या शवविच्छेदन विभागातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. 'शाईबाई, यांचं काम कर. चहा माझ्याकडे लागला.'

डॉक्टर तिला शाईबाईच म्हणायचे. व्हरांड्यात भेटले की न चुकता ऐकवायचे, की माझे पेशंट कधी खोटं बोलत नाहीत, तुझे मात्र लिहूनसुद्धा बोलतात.

त्यांची ओळख कशी, असं तिनं डबा बंद करता करता सहज विचारलं. सहा महिन्यांपूर्वी एका कामात झाली, आजोबा म्हणाले, फार सांभाळून घेतलं डॉक्टरांनी.

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. एकुलता एक मुलगा, जहाजावर नोकरीला. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कान पार गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. डोळे मात्र असे, की पडल्या पडल्या अजून सुईत दोरा ओवते. रोज पोस्टमनच्या वेळेला दाराकडे बघत बसते. सहा महिने काहीच नव्हतं, आणि आता हे पत्र.

"हिला अजून दाखवलं नाही. आधी तुमच्याकडून खात्री करून घ्यावी म्हटलं."

"घरात आणखी कोण आहे?"

"सूनबाई. ती नको नकोच म्हणत होती. बाबा, नका ना जाऊ तिकडे. निघालो तर आत जाऊन रडत बसली."

तिनं दिवा जवळ ओढला. दोन्ही पत्रं उलटी करून शेजारी शेजारी मांडली. खात्यात नव्यानं येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी हे शिकवायची. कागद उलटा धरा, म्हणजे मजकूर दिसत नाही, नुसते आकार दिसतात. कागदाला नातेवाईक नसतात, हेही तेव्हाच सांगायची.

भिंगाखाली पाच मिनिटं पुरली. जुन्या पत्रात शब्द आधी भरभर लिहून झालेला आणि मग वरून एका झटक्यात शिरोरेघ ओढलेली, पार पुढच्या शब्दावर गेलेली. नव्या पत्रात तीच रेघ अक्षरा-अक्षराला थांबत होती. 'ळ'च्या मधेच पेन उचललेलं. वेलांट्या लिहिलेल्या नव्हत्या, काढलेल्या होत्या. आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बारीक कंप. लिहिणाऱ्याचा हात सतत थरथरत होता.

हात कोणाचा, हे तिला कळलं. सहा महिने पत्र का आलं नाही, तेही कळलं.

मग तिनं कधी करत नसे ते केलं. पत्र सुलटं करून वाचलं.

'आई, औषधं वेळेवर घे. बाबांवर सारखी चिडू नकोस. विसरभोळे असले तरी मनाने चांगले आहेत. जेवणानंतर त्यांना थोडं गोड देत जा, एवढ्याशाने काही होत नाही. मी मजेत आहे.'

तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. सासऱ्याचं गोडाचं वेडसुद्धा त्या मुलीनं लक्षात ठेवलं होतं. स्वतःचं कपाळ फुटलेलं असताना, म्हाताऱ्या जिवांसाठी ती नवऱ्याच्या अक्षरात 'मी मजेत आहे' लिहीत बसली होती.

आजोबा दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून, निकालासाठी ताटकळलेल्या मुलासारखे तिच्याकडे बघत होते.

बारा वर्षांच्या नोकरीत तिनं एकही खोटं मत दिलं नव्हतं. वरच्यांचा दबाव आला तेव्हाही नाही, आणि त्यापायी एकदा बदलीही सोसली होती. पण आता खरं सांगितलं, की या माणसाचा मुलगा याच खुर्चीत बसल्या बसल्या जाणार होता. तिच्या तोंडून.

तिनं दिवा बंद केला.

"आजोबा, दोन्ही पत्रं एकाच हातची आहेत."

"नीट बघितलंत ना? माझं मन राखायला नका सांगू हं, बाई."

"अक्षर तेच आहे. कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन."

आजोबांनी डोळे मिटले. मग खुर्चीला धरून उठले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. नवं पत्र त्यांनी जपून घडी करून खिशात ठेवलं.

"मग आता हिच्या हातात द्यायला हरकत नाही," ते म्हणाले. "तो गेल्यापासून सहा महिने मी रोज त्याचं अक्षर गिरवतोय, सूनबाई रडते तरी. तुम्हाला कळलं नाही म्हणजे हिलाही नाही कळायचं. त्याचा हात धरून पहिलं अक्षर हिनंच काढून घेतलं होतं ना, म्हणून मेली धाकधूक."