डब्याबाहेरचं गंधक

धडधाकट माणसाच्या अंगात अन्नातल्या गंधकाचं काय होतं हे बघायला मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्राबाईला आणि तिच्या नवऱ्याला आठवडाभर एकसारखा डबा खायला घातला होता. “काकांच्या लघवीत डब्यातल्यापेक्षा जास्त गंधक उतरलंय. बाहेर अंडी-मटण खाल्लंत का?” बाईंनी विचारलं. चंद्राबाई उसळली. “बाई, लेक बॉर्डरवर गेल्यापासनं दोघांनी सोडलंय! त्यो सुखरूप येईस्तवर तोंडाला लावायचं न्हाई, जोतिबाला नवस हाय.” गेल्या महिन्यातल्या जत्रेत नवऱ्यानं मटणाचं ताट परत धाडलं, तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. “जास्तीचं गंधक साठत नाही, मावशी. एका दिवसात बाहेर पडतं. म्हणजे हे या आठवड्यातलंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवरा चपलेकडं बघत पुटपुटला, “स्टँडवर... ऑम्लेट... कवाकवा.” घरी येताच तिनं अंडी उकडली, सोलून त्याच्या ताटात ठेवली. “आता उघड खावा,” ती म्हणाली, “आन् लेकाचा फोन आला, की तुमीच उचला. नवसाचं काय केलं, तुमीच सांगा त्याला.”