सैल केबल

टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र थिजलं, मधोमध ते चक्र गरगरायला लागलं, तसा फोरमन फोन घेऊन गॅलरीत गेला आणि त्यानं मागे दार ओढून घेतलं.

मास्तरीणबाईंनी शिलाई मशीनवरचा पाय थांबवला आणि कान दिला. दारातून ऐकू आलं ते एवढंच : "हो, तेच पुन्हा. नाही, घाई नाही. तुम्ही सावकाश सांगा."

फोरमनच्या तोंडी 'सावकाश' हा शब्द त्यांनी उभ्या संसारात ऐकला नव्हता.

कारखाना सुटून बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्याला सगळे फोरमनच म्हणत, आणि आसपासच्या पोरींना शिवण शिकवणारी त्याची बायको मास्तरीणबाई. माणूस हाताचा पक्का. पंखा, पंप, मिक्सर, काहीही बिघडो, या घराला कारागिराचा पाय लागला नव्हता. तोंडाचाही पक्का. एकदा कुणाशी बोलणं सोडलं की सोडलं, मग तो सख्खा भाऊ का असेना.

इंटरनेटवरचा टीव्ही आला आणि पहिल्यांदाच त्याची विद्या थिटी पडली. आधी पासवर्डच घेईना. एक अक्षर मोठ्या लिपीतलं होतं, ते कळायला आख्खी दुपार गेली. मग चित्र अडखळायला लागलं. सिनेमातला माणूस दार उघडायचा आणि दारातच अडकून राहायचा. फोरमननं वायरी तपासल्या, इंटरनेटची डबी उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी मास्तरीणबाईच म्हणाल्या की कंपनीला फोन करा, त्यानं काही नाक कापलं जात नाही.

कंपनी छोटीच होती. मदतीच्या फोनवर दोन-चार माणसं असावीत. फोरमननं फोन लावला तो भांडायच्या तयारीनंच. पलीकडून कुणी बाई काही बोलली आणि त्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तो खुर्चीवर बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बरं. सांगा."

भेटलं कुणीतरी शेरास सव्वाशेर, असं मास्तरीणबाईंना वाटलं आणि मनातून बरंही वाटलं.

त्या बाईंनी सांगितलं तसं त्यानं सगळं केलं. डबी बंद करून थोडं थांबून पुन्हा सुरू केली. डबी कुठे ठेवलीय, असं त्या बाईंनी विचारलं. ती मागच्या खोलीत होती, लोखंडी कपाटामागे. बापाशी भांडून लेक घरातून गेली, तेव्हापासून ती खोली अडगळीची झाली होती आणि दार लोटलेलंच असायचं. लोखंडानं आणि बंद दारानं लहरी अडतात, डबी मोकळ्यावर आणा, असं त्या बाईंचं म्हणणं. फोरमननं कपाट सरकवलं, टेबल झाडून त्यावर डबी मांडली, दार सताड उघडलं. चित्र नदीसारखं वाहायला लागलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण टीव्ही एक दिवसाआड बिघडू लागला.

दर वेळी फोरमन कंपनीला फोन लावायचा आणि 'त्याच बाई' मागायचा. दुसरं कुणी असलं तर मग करतो म्हणायचा. मास्तरीणबाईंच्या कानावर तुकडे पडत. एकदा त्यानं विचारलं, जेवायला सुट्टी वेळेवर मिळते का. एकदा म्हणाला, आवाज बसलाय तुमचा, पाणी कोमट प्या. फोन करण्याआधी तो केसांवरून कंगवा फिरवतो, हेही मास्तरीणबाईंनी टिपलं. फोनवर कुणाला केस दिसणार होते?

मग एका सकाळी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. फोरमन मागच्या खोलीत डबीवर वाकला होता आणि दोन बोटांनी तिची केबल हळूच सैल करत होता. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखा.

त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. या वयात भांडायचं तरी कशावरून? चार लोकांत सांगायचं तरी काय, की नवरा टीव्ही बिघडवतो? राग येत होता, पण रागाहून कुतूहल मोठं होतं. असं काय होतं त्या आवाजात?

जेवताना त्यांनी विचारलंच. "कोण आहे ती बाई?"

"कामात हुशार आहे," फोरमन ताटाकडे बघत म्हणाला.

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. पण त्यात आणखीही काही होतं, जे त्यांना वाचता येईना.

त्यानंतर टीव्ही एकदाही बिघडला नाही. फोरमन त्याच्यासमोर बसायचा खरा, पण लक्ष नसायचं. जेवण अर्ध्यावर टाकायचा. मास्तरीणबाईंना वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

आठवडा उलटला असेल. फोरमन केस कापायला गेला होता आणि फोन घरीच चार्जिंगला होता. तो वाजला. पडद्यावर कंपनीचं नाव. म्हणजे आता तिकडूनही फोन यायला लागले. मास्तरीणबाईंनी पदर खोचला आणि फोन उचलला.

नमस्कार, टीव्ही व्यवस्थित चालतोय ना, बऱ्याच दिवसांत तुमचा फोन नाही म्हणून... असं पलीकडची बाई भरभर काहीतरी म्हणत होती. मास्तरीणबाईंनी तिला पुरं बोलूच दिलं नाही.

"हे बघा, मी त्यांची बायको बोलतेय. आमच्या टीव्हीला धाड भरलेली नाही. केबल ते स्वतःच सैल करतात. ऐकताय ना?"

पलीकडे दूर कुठेतरी दुसरा फोन वाजत होता.

"मला माहीत आहे, आई," आवाज म्हणाला. "पण मी त्यांना ओळखलंय, हे बाबांना कळू देऊ नकोस. ते फोन करायचे थांबतील."