चौथ्या मजल्यावरचा वास

"गॅसच आहे, शंकाच नको," अंगाला नुसता टॉवेल गुंडाळलेला एक लठ्ठ गृहस्थ म्हणाला. त्याच्या एका कानात अजून साबणाचा फेस होता. "मी चौथ्या मजल्यावरच राहतोय. माझ्या नाकाशी कुणी वाद घालू नका."

हॉटेलच्या गाडीतळावर दोनशे माणसं उन्हात उभी होती. समोर पोर्ट डिक्सनचा समुद्र मजेत हेलकावत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण! कुणाच्या हातात दात घासायचा ब्रश, कुणाच्या काखेत झोपलेलं पोर. त्या दिवशी तिथे एक लग्न होतं. त्यातली नवरी अर्धा चेहरा रंगवून, अर्धा तसाच ठेवून, मोठ्या धीराने उभी होती.

आठवडाभर बातम्यांत दुसरं काही नव्हतंच. राजधानीजवळ गॅसची वाहिनी फुटली होती आणि वस्तीच्या वस्ती रिकामी करावी लागली होती. आता जो तो मोबाइल उघडून तेच चित्र शेजाऱ्याला दाखवत होता, जणू शेजाऱ्याने ते पाहिलंच नव्हतं.

या सगळ्यांत एकच माणूस मान खाली घालून उभा होता. किआन सेंग. खोली क्रमांक चारशे बारा.

त्याला ठाऊक होतं की हा गॅस नाही. हे डुरियन आहे, फणसासारखं काटेरी आणि भयंकर उग्र वासाचं फळ.

इपोहहून येताना रस्त्याच्या कडेला डुरियनचा ढीग दिसला आणि मागच्या सीटवरून त्याची म्हातारी आई, जिला नातवंडांबरोबर तोही आमाच म्हणायचा, हळूच म्हणाली होती, "सेंग, या मोसमात अजून एक गरसुद्धा तोंडात गेला नाही रे." डॉक्टरने तिला साखरेचा आजार सांगून गोड बंद केलं होतं. पण आईने इतक्या हळू आवाजात मागितलेलं कुठला मुलगा नाकारील? बायको मेई फांग मुलांना लघवीला घेऊन गेली तेवढ्यात त्याने गर काढून घेतले, भाताच्या विजेच्या कुकरात भरले, झाकणाला चिकटपट्टी मारली आणि बिनधास्त हॉटेलात शिरला. आल्या आल्या कुकर कपाटात ठेवला आणि आमाला सांगितलं, "उद्या दोन गर. त्याहून जास्त नाही." तेव्हापासून त्याला स्वतःच्या उशीलाही डुरियनचाच वास येत होता.

मॅनेजर खुर्चीवर चढला. "मंडळी, बंब निघालाय. पण सगळी तपासणी होईपर्यंत संध्याकाळ होणार. मला फार वाईट वाटतं, पण आजचे मुक्काम रद्द. लग्नसुद्धा."

नवरीच्या रंगवलेल्या डोळ्यातून काळा ओघळ खाली आला.

"चार वर्षांनी," मेई फांग सेंगला म्हणाली. "चार वर्षांनी दोन दिवस मिळाले होते."

"असू दे गं."

"काय असू दे? तुझा चेहरा का असा झालाय? तू काही केलंयस का?"

सेंगने करुणेच्या देवीचं नाव घेतलं. गप्प राहिलं तर अब्रू वाचते. पण त्या नवरीचं काय? आणि बोललं तर दोनशे माणसांत शोभा, हॉटेलबाहेर हकालपट्टी, शिवाय मेई फांग. त्यातल्या त्यात मेई फांगचीच भीती मोठी होती. पण देवीचं नाव घेतल्यावर खोटं पचत नाही. पाय आपोआप खुर्चीपाशी गेले.

"साहेब, गॅस नाही तो. माझं... माझं डुरियन आहे. भाताच्या कुकरात."



"दारावर डुरियनचं एवढं मोठं चित्र लावलंय!" मॅनेजर कडाडला. "त्यावर तांबडी फुली मारलीय! ती काय शोभेला?"

"चुकलं, साहेब."

"कुठल्या जातीचं?" टॉवेलवाल्याने मध्येच विचारलं.

"मुसांग."

"मग बरोबर. येणारच वास," तो मान डोलावत म्हणाला. "मी तरी म्हटलं, गॅसला इतका गोडवा कसा!"

अख्खा गाडीतळ हसत सुटला. नवरीने जाता जाता डोळे पुसलेल्या हातात सेंगचा हात घेतला, त्याला काळं लागलं ते लागलंच, आणि झगा वर धरून ती धावत आत गेली. तिच्यामागे वऱ्हाड, वऱ्हाडामागे सगळे.

मॅनेजरने फोन लावला, "परत फिरा, बंब नको. डुरियन होतं, डुरियन!" मग स्वयंपाकघराकडे ओरडला, "चुली पेटवा रे! नूडल्स टाका, लोक भुकेले आहेत!" आणि सेंगकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही, जा. आधी ते खाली आणा. मग सामान बांधा."

मेई फांगने मुलांचे हात धरले आणि पाठ फिरवली. सेंगला तिचं ओरडणं परवडलं असतं.

तो दाराकडे निघाला. वाटेत झाडाखाली आमा खुर्ची टाकून बसली होती. इतक्या लांबून तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने त्याची बाही धरली.

"लोक का हसले रे? आणि तू कुठे निघालास?"

"डुरियन आणायला, आमा. त्याच्याच वासाने हा सगळा गोंधळ. मी कबूल केलं सगळ्यांसमोर."

आमाने त्याच्याकडे पाहिलं. मग सून किती लांब आहे ते पाहिलं. आत लिफ्टचं दार भरल्या पोटाने मिटत होतं.

"डॉक्टरला सांगू नकोस हं," ती कुजबुजली. "काल तुम्ही पोहायला गेलात ना, तेव्हाच मी ते वाळूवर नेलं. इथला रखवालदार आणि मी, दोघांनी बसून संपवलं, कुकरही तिथेच घासून धुतला. एक गर शिल्लक नाही."