दारावरची नेझा

मातियाने दोर खांद्यावर टाकला आणि दाराकडे पाहिलं. चौकटीवर खिळ्याने ठोकलेली नेझा पूर्ण उघडी होती.

“उघडी आहे,” त्याचा बाप ग्रेगोर म्हणाला. “संध्याकाळपर्यंत पाऊस नाही. जा, कालवड घेऊन ये.”

कालवड कड्याच्या कपारीवर अडकली होती. कड्यामागे आभाळ काळवंडलं होतं, पण या डोंगरकुरणावर आभाळापेक्षा नेझेवर भरवसा जास्त. जमिनीला चिकटून उगवणारं हे काटेरी फूल. हवेत ओल आली की त्याच्या चंदेरी पाकळ्या मिटतात. तोडून वाळवल्यावरही मिटतात.

“बाबा, ढग तर बघा,” सून लेन्का म्हणाली.

“ल्युब्लियानाच्या सूनबाई, ढग थापा मारतात. नेझा नाही मारत.”

मातिया हसला आणि निघाला.

लेन्का दारातच उभी राहिली. तो वरच्या खुरट्या पाइनांआड गेला तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटले.

“बाबा, ती मिटणार नाही. मी तिला व्हार्निश लावलंय.”

“काय लावलंयस?”

“व्हार्निश. शहरात तशीच विकतात. दार छान दिसावं म्हणून लावलं.”

ग्रेगोरने फुलावर बोट फिरवलं. मग काठी टेकत कुरणात गेला. गवतातल्या साऱ्या नेझा मुठीसारख्या आवळलेल्या होत्या.

कड्यावरून धुकं उतरू लागलं. मागे कुठेतरी गडगडलं. लेन्का चढावर धावत ओरडली, “मातिया! परत ये! वादळ येतंय!”

“येऊ दे!” धुक्यातून आवाज आला. “कालवड दिसतेय मला!”

तिने पुन्हा हाक मारली. या वेळी उत्तर आलं नाही.

“वादळाला भिऊन तो नाही यायचा,” मागून येत ग्रेगोर म्हणाला. “माझ्यासारखाच गाढव आहे.”

“मग काय करू मी?”

म्हाताऱ्याने काठी दूर फेकली, टोपी काढली आणि त्या काटेरी गवतात उताणा झोपला.

“आता ओरड. म्हणावं, बाप पडलाय, उठत नाही. आणि जरा रडून ओरड, पोरी.”

“रडतेच आहे, बाबा.”